चांगला पाय

बुधवार, ८ जानेवारी

आज उजव्या पायाने दगा दिला. डाव्याने दिला असता तर मी तक्रार केली नसती. तो मी दीड वर्षाची असताना पोलिओत गेला आणि तेव्हापासून कॅलिपरच्या पट्ट्यांत गुमान उभा आहे. पण उजवा म्हणजे माझा चांगला पाय. सगळा संसार त्याच्या जिवावर केला. आज भाजी घेऊन येताना जिन्याच्या दुसऱ्या वळणावर तो गुडघ्यातून असा निसटला की मी कठड्याला लोंबकळले आणि मेथीची जुडी खाली तळमजल्यावर लवूच्या दारात जाऊन पडली.

ह्यांनी मला धरलं. नशीब, हे बाजूलाच होते. असतातच. ह्यांना लग्न झाल्यापासून जिना चढताना प्रत्येक वळणावर दम लागतो. थांबतात, खिशातून रुमाल काढतात, तोंड पुसतात, मग मलाही थांबावं लागतं. कॅलिपर घालून मी जगदीश पेडणेकरांपेक्षा दमदार आहे, असं मी चारचौघांत सांगते आणि हे नुसते हसतात.

संध्याकाळी अनुजाचा फोन. बातमी तिला कोणी दिली ते सांगायला नको. "आई, पुरे झाला आता तो तिसरा मजला. तळेगावला या. लिफ्ट आहे, बाग आहे." लेक मायेने बोलते, कळतं मला. पण परळच्या ह्या खोलीत मी लग्न होऊन आले, ह्याच खोलीत ती रांगली. तळेगावच्या बागेत मला कोण ओळखतं? पाय राहिला तर परळ राहील, पाय गेला तर परळ सुटलं. हिशेब इतका सरळ आहे.

तिने सांगितलंय, डॉक्टरांना दाखवायला पायाचं रोज लिहून ठेव. बँकेची डायरी रिटायर झाल्यावरही येते. तिचा एकदाचा उपयोग झाला. फक्त पायाचं लिहायचं होतं, पण माझ्याच्याने थोडक्यात काही होत नाही.

शनिवार, ११ जानेवारी

हाडांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. कुठल्या हॉस्पिटलात ते लिहीत नाही, उगाच कशाला कोणाला नावं ठेवा. डॉक्टर अनुजापेक्षाही लहान. पोलिओ म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. आत जाऊन शिकाऊ पोरापोरींना बोलावून आणलं. सगळे माझ्या डाव्या पायाभोवती गोळा झाले. एक मुलगी म्हणाली, "काकू, आम्ही हे फक्त पुस्तकात बघितलंय." मी म्हटलं, "बघून घ्या. पुढच्या वर्षी तिकीट लावणार आहे."

उजव्या पायाचं काय, तर वय झालं. कॅल्शियम घ्या, वजन सांभाळा. डाव्याकडे बघायला सहा जण आणि उजव्याकडे एकही नाही.

पोलिओ देशातून गेला याचा मलाही आनंद आहे. अनुजाला डोस पाजायला मी स्वतः रांगेत उभी होते. पण पोलिओ गेला म्हणजे आम्हीही गेलो, असं ह्या लोकांनी धरलेलं दिसतं.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. शेजारच्या बायका तिळगूळ घेऊन आल्या, मी खुर्चीतूनच दिले-घेतले. सगळ्यांनी पायाकडे बघितलं.

दुपारी बाबांची फार आठवण आली. मी पाच वर्षांची असताना हाजीअलीला मुलांच्या हॉस्पिटलात होते. समुद्र अगदी लागून. भरतीला वारा सुटला की खिडक्यांच्या काचांवर मीठ बसायचं आणि आम्ही पोरी त्यात बोटाने नावं लिहायचो. तिथल्या मोठ्या सिस्टर पडलेल्या मुलीला कोणाला उचलू द्यायच्या नाहीत. "हात लावू नका, उठेल ती." रविवारी बाबा रात्रपाळी करून गिरणीतून थेट यायचे, डोळे लालभडक, हातात वेलची केळी. आल्या आल्या सिस्टरना विचारायचे, "आज काय शिकली?"

घरी आणल्यावर सिस्टरचं काम बाबांनी हातात घेतलं. आईच्या जुन्या लुगड्याची पुरचुंडी, तीत चौपाटीची वाळू. ती पावलाला बांधायची, पाय उचलायचा, धरायचा, सोडायचा. मी रडले की म्हणायचे, "अजून एकदा. वापरशील तर राहील." आणि तोंड भिंतीकडे करून शिंकायचे. बाबांना कायम सर्दी का असते, हा प्रश्न मला लहानपणी पडायचा. उत्तर फार उशिरा कळलं.

त्या वाळूवर मी शाळेत गेले, बँकेत टेलिफोन ऑपरेटर झाले, लग्न केलं, मूल वाढवलं. आज वाटलं, डॉक्टर गेले खड्ड्यात. मला काय करायचं ते माहीत आहे. ह्यांच्या जुन्या पँटचा पाय कापला, एक टोक शिवलं आणि समोरच्या टॉवरच्या कामावरून वाळू आणायला ह्यांना पिटाळलं. घेऊन आले, पण पिशवी हातात धरून दारातच उभे राहिले. "बकुळा, आधी कोणाला तरी विचारूया का?" मी म्हटलं, "बाबांना विचारलंय."

रविवार, १९ जानेवारी

वाळू सकाळ-संध्याकाळ चालू आहे. शिवाय रोज एकदा उगाचच खाली उतरून परत चढायचं ठरवलं. हे बरोबर येतात आणि वळणावर थांबत थांबत चढतात. त्यांना दीर्घ श्वासाचे व्यायाम शिकवले, तर मन लावून करतात बिचारे.

पलंगाखालची खोकी आवरली. चपलांची खोकी बघून बेबी आठवली.

बेबी गमरे म्हणजे हाजीअलीच्या हॉस्पिटलात माझ्या शेजारच्या खाटेवरची. डिलाइल रोडच्या बीडीडी चाळीतली. माझं डावं पाऊल लहान, तिचं उजवं. आमच्यासारख्यांना कायम दोन मापांचे दोन जोड घ्यावे लागतात आणि एकेक चप्पल वाया जाते. एकदा भेटीच्या वेळी तिचे वडील आणि माझे बाबा बोलत बसले आणि त्यांच्या लक्षात आलं की दोघी मिळून एक लहान जोड आणि एक मोठा जोड घेतला तर काहीच वाया जात नाही. लहानातली डावी मला, उजवी तिला. मोठ्यातली उजवी मला, डावी तिला. त्यानंतर लग्न होईपर्यंत आम्ही चपला अशाच घेतल्या. दिवाळीच्या आधी दोन बाप आणि दोन पोरी दादरच्या दुकानात. रंगावरून आमची मारामारी व्हायची, कारण दोघींना तोच रंग घालावा लागायचा. बेबीला लाल पाहिजे असायचं. मी कित्येक वर्षं लाल चपला घातल्या.

मग तिचं लग्न झालं, पत्ता बदलला, माझ्या माहेरची चाळ दुरुस्तीला निघाली, कोण कुठे गेलं कळलं नाही. एवढी वर्षं स्विचबोर्डवर बसून मी जगाला जगाशी जोडून दिलं, पण बेबीचा नंबर माझ्याकडे नव्हता. तेव्हापासून प्रत्येक जोडातली एक चप्पल खोक्यात पडते. टाकवत नाही.

शुक्रवार, ३१ जानेवारी

पोटरीत रात्रभर गोळे. सकाळी पाय जड. बाबा म्हणायचे, दुखतंय म्हणजे लागू पडतंय. वाळू थोडी वाढवली.

हे हल्ली सारखे गॅलरीत जाऊन हळू आवाजात फोन करतात. विचारलं तर म्हणतात, बँकेतल्या जुन्या लोकांशी बोलतोय. एवढं काय बोलायचं असतं देव जाणे.

सोमवार, ३ फेब्रुवारी

दुखलं. लिहिण्यासारखं दुसरं काही नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

ह्यांनी कुठून तरी शोधून काढलं की शीवला एका ट्रस्टच्या दवाखान्यात एक फिजिओथेरपिस्ट मुलगी पोलिओची माणसं बघते. टॅक्सीने गेलो. अक्षता नाव. हिने मात्र आधी उजव्या पायाला हात लावला. बराच वेळ दाबून, वाकवून बघितलं. मग कधी दमायला होतं, थंडी सोसते का, गोळे कधी येतात, सगळं विचारलं. मी वाळूचं सांगितलं, जरा ऐटीतच.

"हे कोणी सांगितलं, काकू?"

"माझ्या वडिलांनी."

"कधी?"

"एकोणीसशे त्रेसष्ट साली."

हसेल असं वाटलं होतं, हसली नाही. खुर्ची पुढे ओढून बसली. म्हणाली, पोलिओत तुमच्या पायांच्या बऱ्याच नसा मेल्या. ज्या वाचल्या त्यांनी मेलेल्यांचंही काम अंगावर घेतलं आणि साठ वर्षं ओढलं. आता त्या थकल्यात. ह्याला पोस्ट-पोलिओ म्हणतात. थकलेल्या नसांना व्यायामाने जोर येत नाही, उलट उरलेला जोर जातो. लहानपणी वाळू बरोबर होती. आता ती घातक आहे. आता पाय वाचवायचा तर कमी वापरायचा.

माझ्या भाषेत सांगायचं तर स्विचबोर्डवरच्या निम्म्या बाया कामावर आल्याच नाहीत आणि उरलेल्यांनी साठ वर्षं दुप्पट लाइनी सांभाळल्या. इतपत मला समजलं. पण मग ती म्हणाली, "आणि काकू, उजवा पाय चांगला नव्हता कधी. त्यालाही पोलिओ झाला होता, थोडा. तो सावरला म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही."

मी उठले. ह्यांना म्हटलं, चला.

शनिवार, ८ फेब्रुवारी

राग जात नाही. कालपरवाची पोरगी मला सांगते माझा चांगला पाय चांगला नाही. म्हणजे बाबा चुकले? सिस्टर चुकल्या? मी आयुष्यभर ज्याच्यावर उभी राहिले तो पायच खोटा?

वाळू चालू.

गुरुवार, २० फेब्रुवारी

मोरीत पडले. हाड मोडलं नाही, डोक्याला टेंगूळ आलं. पण उठताना उजव्या पायाला सांगितलं ऊठ, तर त्याने ऐकलंच नाही. म्हणजे दुखलं नाही, काहीच झालं नाही. हाक मारावी आणि पलीकडे कोणीच नसावं, तसं. मला आजवर अशी भीती कधी वाटली नव्हती.

ह्यांनी मला पलंगावर बसवलं, पाणी दिलं आणि वाळूची पिशवी घेऊन गॅलरीत गेले. कात्रीने फाडली आणि सगळी वाळू तुळशीच्या कुंडीत ओतली. "माझी आहे ती," मी म्हटलं. हे म्हणाले, "पुरे आता, बकुळा." आवाज चढलेला. लग्नानंतर हे माझ्यावर कधी ओरडले होते ते मला आठवेना.

दोन मार्चच्या रविवारी दादरला अक्षताने पोलिओच्या माणसांची बैठक ठेवली आहे म्हणे. हे तिच्याशी फोनवर बोलत असतात, हे मला आज कळलं. बँकेतले जुने लोक ते हेच.

सोमवार, ३ मार्च

कालच्या रविवारचं नीट लिहायला हवं.

दादरला एका वाचनालयाच्या तळमजल्यावरचा हॉल. आत गेले आणि दारातच थबकले. कुबड्या, कॅलिपर, काठ्या, व्हीलचेअर. हाजीअली सोडल्यानंतर एका खोलीत एवढे आमचे लोक मी बघितले नव्हते. सगळ्यांचे केस पांढरे. वॉर्डच्या वॉर्ड म्हातारा होऊन बसला होता. आणि कोणी कोणाच्या पायाकडे बघत नव्हतं. मला इतकं मोकळं वाटलं की सांगता येत नाही.

बोलणं काय, तर कामाचं. चामड्याच्या पट्ट्यांचा कॅलिपर अजून कोण बनवतो. कुठल्या डॉक्टरकडे गेल्यावर आधी पोलिओ समजावून सांगावा लागत नाही. कुठल्या बसला रॅम्प आहे आणि ड्रायव्हर तो खरंच उघडतो का. भूल द्यायची वेळ आली तर डॉक्टरला काय बजावायचं. नायगावचे एक टेलर म्हणाले, दुपारी झोपायला शिका, तेच औषध आहे. मी सगळं लिहून घेतलं.

तेवढ्यात मागून आवाज आला. "बकुळे, तुझं पाऊल अजून तीन नंबरच ना?"

व्हीलचेअरमध्ये बेबी. लठ्ठ झाली आहे, केस बॉयकट, ओठांना लिपस्टिक. लालच. मी तिच्या गळ्यात पडले आणि दोघी रडलो, मग लोक बघतात म्हणून हसलो. महानगरपालिकेत होती, रिटायर झाली. नवरा गेला. मुलगा सिद्धार्थ वकील आहे. मागे दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरवर एकटी मुंबईभर हिंडते. मी मात्र तिच्या व्हीलचेअरकडे बघत होते. तिच्या ते ध्यानात आलं.

"बघतेस काय? चौदा साली माझा डावा लटपटायला लागला. मी काय केलं, तर रोज सकाळी शीवच्या किल्ल्याच्या पायऱ्या. वापरशील तर राहील. आपल्याला दुसरं शिकवलंय काय कोणी? वर्षभरात पाय गेला, विषय संपला. तेव्हा अक्षता-बिक्षता कोणी नव्हतं. तू काय करतेस?"

मी म्हटलं, "वाळू."

ती हसली नाही. माझा हात धरून म्हणाली, "बंद कर. आजपासून. बाबांना राग नाही येणार."

मग विषय बदलायला मी ह्यांचं कौतुक सांगत बसले. बँकेत हे अकाउंट्समध्ये होते आणि दिवसातून तीन-तीनदा मला फोन करून नाशिक शाखा मागायचे. नाशिकशी ह्यांचं काडीचं काम नसायचं. नंतर कळलं की नाशिकचे लोक ह्यांना कंटाळले होते. लग्नानंतर जाणं-येणं कायम बरोबर. माणूस लाखात एक, फक्त तब्येतीने नाजूक, एक जिना धड चढवत नाही, असं सगळं सांगितलं.

बेबी माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. "चहा दोन मजले वर बनतोय," ती म्हणाली. "तुझे मिस्टर आतापर्यंत दोनदा ट्रे घेऊन आलेत."

मी वळून बघितलं. हे तिसऱ्यांदा निघाले होते. हातात रिकामा ट्रे आणि पायऱ्या एक सोडून एक चढत होते. सत्तरीचा माणूस.

चहा माझ्या हातातच गार झाला.

घरी आलो. जिन्याच्या पहिल्या वळणावर हे थांबले, रुमाल काढला, तोंड पुसलं. मी पहिल्यांदा नीट बघितलं. तोंडावर घामाचा टिपूस नव्हता. आधी राग आला. चाळीस वर्षं मला फसवलं, माझी दया केली, असं काहीबाही मनात आलं. मग आठवलं की हे थांबले नसते तर मी थांबले नसते. मरून गेले असते पण थांबले नसते.

"निघूया?" ह्यांनी विचारलं.

"बसूया जरा," मी म्हटलं. "कसली घाई आहे?"

हे माझ्याकडे बघत राहिले. मग पायरीवर रुमाल अंथरला आणि मला बसवलं. मला कळलं आहे हे त्यांना कळलं की नाही, ते मला कळलं नाही.

बुधवार, १२ मार्च

वाळू बंद. दुपारी झोपते. अक्षताकडे दोनदा गेले, पहिल्यांदा माफी मागितली. गोळे कमी झाले आहेत. नसांची तपासणी झाली, ती म्हणाली होती तेच निघालं. तिने एक मात्र स्पष्ट सांगितलं. "काकू, तिसरा मजला आणि पाय, दोन्ही नाही मिळणार. रोज जिना चढलात तर दोन वर्षांत व्हीलचेअर."

म्हणजे तळेगाव.

संध्याकाळी हे लवूला घेऊन आले. लवू तळमजल्यावर एकवीस नंबरच्या खोलीत राहतो. म्हणाला, "वयनी, तुमी खाली येवा, आमी वर येतंव. सुनेक वारो होयो, माका काय, खंयय चलता. मालकाच्या ऑफिसात जगदीशभाऊंनी बोलान ठेवलेला आसा. फक्त पावसात बेडूक येतत हां. मागसून म्हणशात, लवून सांगल्यान नाय."

खोल्यांची अदलाबदल करायला हे जानेवारीपासून लवूच्या मागे लागले होते, मेथीची जुडी त्याच्या दारात पडली त्या दिवसापासून. मला न विचारता. मी नाही म्हटलं. लवू चहा पिऊन गेला.

तळमजला म्हणजे नळावरची भांडणं, अंधार, येता-जाता डोकावणारी तोंडं. आणि इथे माझी खिडकी आहे. सासूबाई हिच्यात बसून तांदूळ निवडायच्या, समोर गिरणीची चिमणी होती तेव्हापासून. चिमणी गेली, टॉवर आला, पण दुपारचं ऊन अजून त्याच कोपऱ्यात येतं. खरं सांगायचं तर ऊन-बिन निमित्त आहे. खाली राहायला जायचं म्हणजे सगळ्या चाळीला कळणार की बकुळा आता चढू शकत नाही. शिवाय माझं मलाही मान्य करावं लागेल.

रविवार, १६ मार्च

बेबी आली. म्हणजे चाळीच्या अंगणात आली. अकराच्या सुमाराला खालून स्कूटरचा हॉर्न आणि "बकुळे" अशी हाक. मी गॅलरीत गेले. लाल ओढणी, डोळ्यांवर गॉगल, स्कूटरच्या हँडलला पिशवी.

"उतर खाली," ती ओरडली.

आज उतरायचा दिवस नव्हता. अक्षताने आठवड्याचे दोनच दिवस दिले आहेत आणि ते वापरून झाले होते. "तू ये वर," माझ्या तोंडून निसटलं आणि मी जीभ चावली.

मग आम्ही तिथूनच बोललो. ती अंगणात, मी तिसऱ्या मजल्यावर. तिने बिर्याणी आणली होती, कशी केली ते सांगितलं. सिद्धार्थला मुलगी सांगून आली आहे, ती कशी आहे ते सांगितलं. माझ्या सासूबाईंचा विषय निघाला तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या बायकांनी मध्ये तोंड घातलं. सगळी चाळ गॅलऱ्यांत उभी राहून आमच्या गप्पा ऐकत होती. घसा बसला तशी बेबी म्हणाली, "काय गंमत आहे बघ. मी चर्चगेटला जाते, पनवेलला जाते, परवा लोणावळ्याला जाऊन आले. सगळीकडे जाते. फक्त तुझ्या घरी येऊ शकत नाही."

हे खाली जाऊन बिर्याणीचा डबा घेऊन आले. बेबीने हात हलवला आणि गेली.

एवढ्या वर्षांनी सापडलेली मैत्रीण मी अंगणातून परत पाठवली. आणि कशासाठी, तर हरले नाही हे दाखवायला. बिर्याणी फार चांगली होती. मला दोन घासांवर गेली नाही.

संध्याकाळी ह्यांना म्हटलं, लवूला विचारा, बेडूक किती मोठे येतात.

रविवार, ३० मार्च

पाडवा. गुढी तळमजल्यावर उभारली.

सामान गेले चार दिवस उतरत होतं. अनुजा आली होती. आधी कपाळाला हात लावला, मग पदर खोचला आणि मोरीला पकडायचे दांडे बसवून घेतले. काल दुपारी वरची खोली पूर्ण रिकामी झाली. मला तिथे थोडा वेळ एकटीला बसायचं होतं, सगळ्यांनी बसू दिलं. सासूबाईंची जागा, अनुजाच्या पाळण्याची कडी, ह्यांच्या शेव्हिंगच्या आरशाचा भिंतीवरचा चौकोन. नवी नवरी होऊन आले तेव्हा शेजारणी आपसांत कुजबुजल्या होत्या की ही स्टोव्ह कसा पेटवणार, आणि सासूबाईंनी दार लावून घेतलं होतं. तो दाराचा आवाज मला अजून ऐकू येतो. मनसोक्त रडले. मग म्हटलं, चला.

लवूच्या सुनेने वर गेल्या गेल्या खिडकी उघडली. खालून मला ऐकू आलं. चांगलं वाटलं, थोडं वाईटही वाटलं.

बेबी जेवायला होती. थेट आत आली, उंबऱ्यावर लवूने एक फळी टाकून ठेवली होती. खोली बघून म्हणाली, "अंधार आहे गं." मी म्हटलं, "तू आहेस ना लाल." श्रीखंड तिने तीनदा घेतलं. मग पायांतल्या चपला काढून दोघी पलंगावर पाय पसरून बसलो आणि लग्नाआधी करायचो तशी लोकांची निंदा केली.

गुरुवार, ३ एप्रिल

सकाळी लवकर जाग आली. हे गाढ झोपले होते. सामान हलवून दमले आहेत, खरोखरचे.

दार उघडलं. समोर अंगणच. चार दिवस झाले तरी सवय होत नाही, उंबरा ओलांडला की बाहेर. मी कॅलिपर चढवला, अक्षताने दिलेला वॉकर घेतला आणि उंबरा ओलांडला. का ते माहीत नाही. दूध घरात होतं, भाजी होती, कसलंही काम नव्हतं.

गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. फुलवाली नुकती टोपली उतरवत होती. तिच्या शेजारी दुकानाच्या पायरीवर बसले, दमायच्या आधीच, कारण तसंच करायचं असतं. सोनचाफा घेतला. कोपऱ्यावरचा पेपरवाला म्हणाला, "बाई, आज एकट्याच?" मी हो म्हटलं. समोरच्या टॉवरची पोरं शाळेच्या बसमध्ये चढत होती. त्यांच्यातल्या एकाने माझ्या वॉकरकडे बघून हात हलवला, मीही हलवला. बाबा मला बँकेत सोडायला यायचे, मग हे यायला लागले. मी मुंबईत जन्मले, सहासष्ट वर्षांची झाले, आणि काहीही काम नसताना एकटी कोपऱ्यावर येऊन बसले आहे, असं आजवर कधी घडलं नव्हतं. चांगला वेळ बसले. मग हळूहळू परत निघाले.

हे दारात उभे होते. बनियनवर, पायांत चपला नाहीत, केस विस्कटलेले. पार घाबरून गेले होते.

"कुठे गेली होतीस?"

लग्नाला चाळीस वर्षं झाली. हा प्रश्न त्यांनी मला पहिल्यांदा विचारला.

"पाय मोकळे करायला," मी म्हटलं.